भूक मेली, साखर उतरली: दोन्हींचं मूळ मूत्रपिंडात

प्रश्न: आमचे सासरे, आप्पा, 68 वर्षांचे आहेत. वीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. क्रिएटिनिन 3.8 आणि ई-जीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद दाखवणारा आकडा) 16 आलाय. डायलिसिस अजून सुरू नाही. चार महिन्यांपासून जेवण पार कमी झालंय. दोन घास खाल्ले की "पोट भरलं" म्हणून ताट सरकवतात. सासूबाई त्यांच्या आवडीचं करून घालतात आणि ताट तसंच परत आलं की रडतात. घरात सगळे म्हणतात, आप्पा हट्टीपणा करतात. याच काळात त्यांची उपाशीपोटीची साखर 180 वरून 90 वर आली. चुलत सासऱ्यांनी आणून दिलेल्या काढ्यानं मधुमेह गेला, असं सगळ्यांना वाटतंय. पण दोनदा पहाटे ते घामानं चिंब होऊन उठले आणि काहीतरी असंबद्ध बोलत होते. पित्ताच्या त्रासासाठी गॅस्ट्रिनची तपासणी केली, ती 320 आली; नॉर्मल 100 च्या आत. दिरांनी मोबाइलवर पाहिलं तर ट्यूमर असं आलं. तेव्हापासून कुणाला झोप नाही. आप्पा पॅन्टोप्राझोलची गोळी कित्येक वर्षं घेतात. खरंच मधुमेह बरा झाला का? ही गाठ असेल का? आणि त्यांना जेवायला घालायचं तरी कसं?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर:

ताई, पुढचं वाचायच्या आधी आप्पांच्या डॉक्टरांना फोन करा. पहाटे घामानं चिंब होणं आणि असंबद्ध बोलणं ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं आहेत. दुसरं काही कारण सापडेपर्यंत तेच कारण धरून चालायचं. फोनवर एवढंच सांगा: "ई-जीएफआर 16 आहे, इन्सुलिनचा डोस पूर्वीचाच चालू आहे, जेवण निम्म्यावर आलंय आणि दोनदा पहाटे साखर उतरल्यासारखं झालं." डोस आजच कमी करायला हवा, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल.

आज रात्रीपासून झोपायच्या आधी आणि पहाटे तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरवर साखर बघा. 70 च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसताना घाम, कापरं, बरळणं दिसलं, तर तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा द्या, आणि मग दूध-पोळीसारखं काहीतरी खायला घाला. नारळपाणी किंवा मोसंबीचा रस देऊ नका. मूत्रपिंड अधू असताना त्यातलं पोटॅशियम नडतं, आणि साखरेचं काम साध्या साखरेनंच चांगलं होतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. आणि साखर वर आली म्हणून निर्धास्त झोपू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णात ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. हे असं का होतं ते आता सांगतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

मूत्रपिंड म्हणजे लघवी तयार करणारा अवयव, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. माझ्याकडे येणाऱ्या शिकल्यासवरल्या घरांतही तीच असते. पण रक्तातली हार्मोन्स वेळच्या वेळी मोडीत काढणं हेही त्याचं रोजचं, फार मोठं काम आहे.

जेवण पोटात उतरलं की जठर आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तात हार्मोन्स सोडतात. जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन येतं आणि आम्ल वाढवायला सांगतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन येतं. ते पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला "आता पुरे" म्हणून कळवतं. आतड्याच्या शेवटच्या भागातून पीवायवाय आणि जीएलपी-1 येतात. त्यांचंही सांगणं पोट भरल्याचंच. उलट घ्रेलिन रिकाम्या जठरातून येतं आणि भूक लावतं. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी यातलं पहिलं, सिक्रेटिन, शोधलं. घ्रेलिन अगदी अलीकडचं, 1999 साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना सापडलेलं.

या सगळ्या हार्मोन्सचं काम गावातल्या दवंडीसारखं असतं. ती पिटायची, लोकांनी ऐकायची आणि मग ती थांबायला हवी. सकाळची दवंडी रात्रीपर्यंत चालू राहिली तर संध्याकाळची नवी बातमी कुणाला ऐकूच येणार नाही. म्हणून शरीर जितक्या तत्परतेनं हार्मोन तयार करतं, तितक्याच तत्परतेनं ते संपवतंही. जीएलपी-1 तर रक्तात मिनिट-दोन मिनिटंच टिकतं, कारण रक्तातच असलेलं डीपीपी-4 नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ते तुकडे पुढे मूत्रपिंडाकडेच येतात. बाकीच्यांपैकी बऱ्याच हार्मोन्सची अखेर थेट मूत्रपिंडात होते.

हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांतून जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि निरोगी माणसात त्यांतून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो. रक्तातलं अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन त्यातून सहसा सुटत नाही. पण आतड्याची हार्मोन्स म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या. घ्रेलिन 28 अमिनो आम्लांचं, गॅस्ट्रिनचे मुख्य प्रकार 17 आणि 34 अमिनो आम्लांचे. त्या सहज गाळल्या जातात.

इथून पुढचा भाग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. गाळलेली ही हार्मोन्स लघवीत वाहून जात नाहीत. गाळणीच्या पुढच्या नळीत ज्या पेशी असतात, त्यांच्या पृष्ठभागावर झुपक्यांसारखे बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंवर साखळ्या कापणारी एन्झाइम्स बसलेली असतात. काही हार्मोन्सचे तुकडे तिथेच होतात. काहींना पेशीच्या पृष्ठभागावरचं मेगॅलिन नावाचं प्रथिन धरून आत ओढतं आणि आत त्यांचं विघटन होतं. सुटी झालेली अमिनो आम्लं रक्तात परत जातात, पुन्हा वापरली जातात. त्यामुळे लघवी तपासली तर त्यात हार्मोन जवळजवळ सापडत नाही. म्हणूनच "आप्पांना लघवी तर भरपूर होते, मग मूत्रपिंड खराब कसं?" हा जो प्रश्न घरोघरी विचारला जातो, त्याचा या कामाशी काही संबंध नाही. लघवी दोन लिटर होत असेल, तरी गाळणाऱ्या आणि मोडणाऱ्या पेशी मोठ्या संख्येनं मेलेल्या असू शकतात. आप्पांचा ई-जीएफआर 16 आहे. गाळण्याची ताकद निरोगी माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शावर आलीय, असा त्याचा अर्थ.

आता साखरेकडे येऊ. इन्सुलिन आतड्यातलं नव्हे, स्वादुपिंडातलं; पण त्याची वाट हीच. शरीरात तयार झालेलं इन्सुलिन आधी यकृतातून जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच संपतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र त्वचेखालून सरळ सगळ्या रक्तात मिसळतं, म्हणून ते संपवण्यात मूत्रपिंडाचा वाटा आणखी मोठा. ई-जीएफआर 20 च्या खाली गेला की हे काम ठळकपणे मंदावतं. आठ तासांत ओसरायचं ते इन्सुलिन पुढेही काम करत राहतं. त्यात आणखी एक भर पडते. रात्रभर पोट रिकामं असताना निरोगी मूत्रपिंड स्वतः थोडी साखर तयार करून रक्तात सोडतं. ते कामही आता कमी झालंय. वर जेवण निम्मं. पहाटे घाम फुटला नसता तरच नवल.

म्हणजे मधुमेह बरा झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार पुढे सरकला, त्याची ही खूण आहे. हे लिहिताना मला जड जातंय, कारण 90 हा आकडा बघून तुमच्या घरात जो आनंद झाला असेल तो मी समजू शकतो. पण या आनंदापोटी जुनाच डोस चालू राहिला तर एखाद्या पहाटे आप्पा उठणार नाहीत. अशा अवस्थेत डॉक्टर इन्सुलिन सहसा पाव हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी करतात. किती, ते त्यांनी तुमच्या नोंदी बघून ठरवायचं. तुम्ही मनानं पूर्ण बंद करू नका. इन्सुलिनसोबत ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्या गोळ्यांचा परिणामही मूत्रपिंडाच्या आजारात लांबतो. ई-जीएफआर 30 च्या खाली मेटफॉर्मिन चालत नाही. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी उत्तम आली तरी तिच्यावर विसंबू नका. मूत्रपिंडाच्या आजारात रक्त कमी होतं, तांबड्या पेशी लवकर मरतात, आणि तो आकडा खोटाच कमी दिसतो.

काढा आजपासून बंद. काका प्रेमानं आणतात, त्यांना दुखावू नका, पण त्यात काय आहे हे तुम्हाला सांगता येणार नसेल तर ते आप्पांच्या पोटात जाता कामा नये. काही वनस्पतींनी उरलंसुरलं मूत्रपिंडही जातं. साखर काढ्यानं उतरलेली नाही, एवढं काकांना हे उत्तर वाचून दाखवलंत तरी चालेल.

आता भुकेचं. सासूबाईंना हा भाग तुम्ही स्वतः जवळ बसून वाचून दाखवावा असं मला मनापासून वाटतं. मूत्रपिंडाच्या आजारात कोलेसिस्टोकायनिन, पीवायवाय ही पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स रक्तात वाढलेली आढळतात. चरबीतून येणारं लेप्टिनही वाढतं, तेही भूक मारणारंच. सकाळच्या दोन घासांचा निरोप दुपारीही रक्तात फिरत असतो. आप्पा समोरच्या ताटाला नाही म्हणत नाहीत. त्यांना खरोखरच जेवून उठल्यासारखं वाटत असतं.

मग भूक लावणारं घ्रेलिनही साचून भूक वाढायला हवी, असं तुमच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. घ्रेलिन साचतंच, तपासलं तर रक्तात जास्त सापडतं. पण घ्रेलिनची दोन रूपं असतात. त्याला एक लहानसं मेदाम्ल जोडलेलं असेल तरच ते भूक लावतं. मूत्रपिंडाच्या आजारात जे वाढतं ते मुख्यतः मेदाम्ल नसलेलं रूप. ते भूक तर लावत नाहीच, उलट भुकेच्या विरुद्ध जात असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

सगळा दोष हार्मोन्सवर टाकणं मात्र चूक ठरेल. रक्तात साचलेली युरियासारखी द्रव्यं, वाढलेली आम्लता, मधुमेहामुळे सुस्तावलेलं जठर, बद्धकोष्ठता, लोहाच्या गोळ्या, तोंडाची गेलेली चव, आणि मनाची उदासी, हे सगळं भुकेवर बसतं. शेवटचं सहज विसरलं जातं. चार महिने ज्याला घरात हट्टी म्हणतात, त्या माणसाचं मन कसं असेल? रक्तातलं बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आम्लता वाढलेली असेल तर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी काहींची भूक बऱ्यापैकी सुधारते. पण त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, कारण त्यात सोडियम असतं.

गॅस्ट्रिनबद्दल तुमच्या दिरांची भीती मला कळते. गॅस्ट्रिन तयार करणारी गाठ असते, हे खरं आहे. तिच्यामुळे होणाऱ्या आजाराचं वर्णन झोलिंजर आणि एलिसन यांनी 1955 साली केलं. पण ती फार विरळ. आप्पांकडे गॅस्ट्रिन वाढण्याची दोन रोजची, साधी कारणं आधीच हजर आहेत. मूत्रपिंड गॅस्ट्रिन मोडणारं मोठं ठिकाण आहे. त्याचं काम मंदावलं की पातळी दोन-तीन पट चढते, हे 1970 च्या दशकापासून माहीत आहे. दुसरं कारण पॅन्टोप्राझोल. ती गोळी आम्ल कमी करते, आम्ल कमी झालेलं बघून जठर आणखी गॅस्ट्रिन सोडतं. या दोन गोष्टी एकत्र असताना 320 आकडा आला तर मी दचकणार नाही.

गाठीचा संशय कधी घ्यायचा? आकडा 1000 च्या वर आणि त्याच वेळी जठरात तीव्र आम्ल, वारंवार होणारे अल्सर, न थांबणारे जुलाब, असं चित्र असेल तेव्हा. यातलं काही असेल तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. तपासणी पुन्हा करायची झाली तर पॅन्टोप्राझोल आधी काही दिवस थांबवावी लागते, पण तेही त्यांनी सांगितल्यावरच. यातलं काहीच नसेल तर या आकड्यामागे लागून सीटी स्कॅन करत बसू नका. सीटीसाठी शिरेतून देतात ते औषध या मूत्रपिंडांना झेपेलच असं नाही. खरं तर ई-जीएफआर 16 असलेल्या माणसाची ही तपासणी सांगताना सोबत चार वाक्यं समजावून सांगायला हवी होती. तुमच्या घराची झोप वाचली असती.

जेवायला कसं घालायचं ते आता. दोन वेळचं भरलेलं ताट आप्पांसमोर ठेवूच नका. ते बघूनच त्यांना नको होतं. वाटीभर, दोन-अडीच तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा. ज्या वेळी भूक त्यातल्या त्यात बरी असते (अनेकांची सकाळी असते), त्या वेळी सगळ्यांत चांगलं खायला द्या. जेवताना पाणी, ताक, आमटी यांनी पोट भरू देऊ नका. द्रव पदार्थ दोन खाण्यांच्या मधे. कमी खाण्यात जास्त ताकद जावी म्हणून मऊ भातावर एक चमचा तूप, छोटं थालीपीठ, रव्याचा उपमा, अंड्याच्या पांढऱ्याची भुर्जी असं करा. तूप-तेल एकाच वेळी ओतू नका, जठर आणखी सुस्तावेल; दिवसभरात वाटून घाला. मसाला, लिंबू, कोथिंबीर यांनी चव आणा, मीठ वाढवून नाही. बाजारात मिळणारं "लो सोडियम" मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

प्रथिनांबद्दल तुम्हाला कुणीतरी "डाळ बंद, अंडं बंद" असं सांगितलं असणार. मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिनं मर्यादेत ठेवतात, दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम. पण जो माणूस मुळातच दोन घास खातोय, तो या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. त्याची आणखी बंधनं वाढवली की स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या शरीराला पुढचे उपचार सोसत नाहीत. आप्पांची पथ्याची यादी मूत्रपिंडाच्या आहारतज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्या. त्यांच्या आताच्या पोटॅशियम-फॉस्फरसच्या आकड्यांवरून कदाचित निम्मी बंधनं उठवता येतील.

दिरांनी मोबाइलवर वजन कमी करणाऱ्या, मधुमेहाच्या साप्ताहिक इंजेक्शनांबद्दलही वाचलं असेल. ती जीएलपी-1 च्या धर्तीवर बनवलेली आहेत. त्यातलं सेमाग्लुटाइड रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहतं, म्हणून गाळणीतून सुटत नाही आणि आठवडाभर टिकतं. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या फ्लो चाचणीत मधुमेहामुळे बिघडलेल्या मूत्रपिंडांना त्याचा फायदाही दिसला. पण त्याचा गुणधर्म भूक मारणं हा आहे. आप्पांचं वजन उतरतंय, भूक आधीच मेलीय. त्यांच्यासाठी आत्ता हा विचार नको.

डायलिसिसचं नाव काढलं की घरं हादरतात, म्हणून ते मुद्दाम शेवटी घेतलं. आहार सुधारून, आम्लता दुरुस्त करूनही भूक परतली नाही, वजन आणि रक्तातलं अल्ब्युमिन घसरतच राहिलं, मळमळ-उलट्या सुरू झाल्या, तर डायलिसिस सुरू करण्याचं ते एक योग्य कारण मानलं जातं. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्याकडे बघत थांबायचं नसतं. डायलिसिसनं युरियासारखे लहान रेणू चांगले निघतात आणि बऱ्याच जणांची भूक काही आठवड्यांत सुधारते. आतड्याची हार्मोन्स त्यामानानं मोठी, ती साध्या डायलिसिसनं पूर्ण जागेवर येत नाहीत. प्रत्यारोपणानंतर मात्र गॅस्ट्रिनसारखी हार्मोन्स खाली येतात, कारण तिथे मोडणाऱ्या जिवंत पेशी पुन्हा मिळालेल्या असतात. वय 68 म्हणून प्रत्यारोपणाचा विषय आपणहून सोडून देऊ नका, हृदयाची तपासणी करून विचारा तरी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्याची कागदपत्रं आत्ताच जुळवून ठेवा. आणि डाव्या हातातून (उजखोरे असतील तर) रक्त काढणं, सलाइन लावणं टाळा. पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया) करायची वेळ आली तर त्या हाताच्या शिरा शाबूत लागतील.

या आठवड्यात एक वही करा. रोज सकाळचं वजन, झोपतानाची आणि पहाटेची साखर, आप्पांनी काय आणि किती खाल्लं, इन्सुलिन किती युनिट दिलं. वेळ मिळाली की ती वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढ्याच्या बाटलीसकट, घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा. आप्पांना सोबत न्या आणि बोलायचं त्यांना स्वतःला बोलू द्या.